दिवाणखान्यातले गडवे

साहेबांच्या शासकीय बंगल्याच्या दिवाणखान्यात तेरा पितळी पाण्याचे गडवे, सहा लाकडी मुखवटे आणि आंधळगावच्या कोसा रेशमाची तीन वस्त्रं होती. एकूण बावीस. नोंदवहीत मात्र तेवीस, गडवे चौदा.

तृप्तीने पुन्हा मोजलं. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ती कारकून झाली होती. एका मोजणीवर तिचा विश्वास नव्हता. पुन्हा बावीसच. हा ऐवज सांभाळणारे देवाजी आज निवृत्त होत होते. चारपर्यंत यादी जुळली नाही, तर त्यांची सदतीस वर्षांची नोकरी चौकशीने संपणार होती.

"देवाजीकाका, एक गडवा कमी आहे."

"असं कसं होईन, म्याडम?" देवाजींचा चेहरा उतरला. "अजून एकदा पाहा न."

जुनी यादी आणायला ती बाजूच्या खोलीत गेली. परत आली तर तेवीस. आत चिटपाखरू नव्हतं. तोंडावर पाणी मारून आली. चोवीस. गडवे सगळे एकाच घाटाचे. बुडावरचे आकडे दर दिवाळीला चिंचेने घासून पार उडालेले. भिंतीवरचे मुखवटे तिच्याकडे बघत होते. दार ओढून ती दहा मिनिटं व्हरांड्यात थांबली. आत आली. सव्वीस.

"काका!" तिचा आवाज चिरकला.

"ज्यादा झाले त बरंच हाय न! कायले मोजून राहिल्या? करा सही."

"कमी झालं तर चोरी लिहिता येते. वाढलं तर काय लिहू? गडवे व्याले?"

देवाजींच्या पत्नी रुखमाबाई दारातून पुढे आल्या. "बाई, रागावू नोका. एक कमी हाय म्हणून म्या घरचा आणून ठेवला."

"अवं, मी त कवाच ठेवला होता!"

"अजी, मंग मले सांगाचं न!"

ड्रायव्हर राजकुमारने घसा खाकरला. "काका, माह्या मायचा बी हाय त्यात एक."

तिघांनी आपापले गडवे उचलले. घरच्या भांड्यांवर नावं कोरलेली होती. ती बाजू तेवढी भिंतीकडे वळवलेली. तृप्ती पोट धरून हसली. मग तिने वजाबाकी केली.

"तेवीस उरले. मुळात बावीस होते. चौथा कोणी ठेवला?"

ओळीतल्या एका गडव्याला बाहेरून घाम फुटला होता.

"हात नोका लावू, बाई," रुखमाबाई पुटपुटल्या.

तृप्तीने स्वयंपाकघरातून वजनकाटा मागवला. बाकीचे तेरा तोलून नोंदवहीशी जुळवले; उरलेल्या, म्हणजे हरवलेल्या गडव्याचं वजन तिथे आठशे बारा ग्रॅम होतं. घाम फुटलेला गडवा काट्यावर एक हजार बासष्ट. आतलं पाणी ओतून पुन्हा ठेवला: आठशे बारा. तीन वाजून चोपन्न मिनिटांनी तिने देवाजींच्या यादीवर सही केली.

ओतलेलं पाणी मापाने अडीचशे मिलिलिटर भरलं, म्हणजे साधंच पाणी. तो गडवा कोणी ठेवला, हे लिहायला यादीत रकाना नव्हता.