बुढ्याच्या मागच्या सीटवर

आमचा बुढा कुणाला तब्येत विचारत नाही. तो माणसाला दोन मिनिटं न्याहाळतो आणि काय बिघडलंय ते स्वतःच सांगतो. माझे गुडघे धरले तेव्हा म्हणाला, "तुये शॉकअप बसले." शेजारचे गृहस्थ वारले, तर त्यांच्याच दारात उभा राहून चार लोकांदेखत म्हणाला, "इंजन चांगलं होतं, ऑइल बदललं नाई कधी." मी त्याला हाताला धरून घरी आणला.

नवऱ्याला मी बुढा म्हणते. सत्तरी ओलांडलेल्याला दुसरं काय म्हणणार? अकोल्यात गॅरेजमध्ये त्याची हयात गेली. आता गॅरेज नाही, एक जुनी फटफटी आहे. तिला तो 'बाई' म्हणतो. मला 'अवं'.

दोन वर्षांपासून त्याला नीट ऐकू येत नाही. हे सगळ्या गल्लीला माहीत आहे, त्याला मान्य नाही. त्याचं म्हणणं, जगानेच सायलेन्सर बदलला. कुकर पूर्वीसारखे वाजत नाहीत, पोरं पूर्वीसारखी बोंबलत नाहीत, आणि सून तर तोंडातल्या तोंडात बोलते. आमची सून शाळेत मास्तरीण आहे. तिचा आवाज तिसऱ्या गल्लीत जातो.

त्यामुळे फटफटीवर मला मागे बसावं लागतं. मागून गाडी आली की त्याच्या खांद्यावर एक थाप, थांबायचं असलं तर दोन. हे आम्ही बसून ठरवलेलं नाही. एकदा ट्रक अंगावर येता येता राहिला, तेव्हा मी पहिली थाप मारली. दुसऱ्या दिवशी बुढा म्हणाला, "मांगं बसून झोपत नोको जाऊ. थापा मारत जाय, मंजे मले समजते तू जागी हायस." मी बरं म्हटलं.

मग अमरावतीहून सेमाडोहपर्यंत जुन्या मोटरसायकलींची रॅली निघाली. जोडीने यायचं होतं. बुढ्याने मला न विचारता नाव देऊन टाकलं. आमचा मुलगा प्रशांत त्याच्या कानाशी ओरडून म्हणाला, जा, पण मी कारने मागे राहीन. एक जरी हॉर्न तुम्हाला ऐकू आला नाही, तर चावी माझ्याकडे आणि फटफटी विकायची. बुढ्याने मान डोलावली. त्या दिवसापासून त्याला दुसरी भाकर गेली नाही.

अमरावतीत सगळे कातडी जाकिटं घालून आलेले. बायका पँटीत. मी लुगड्यात, वर हेल्मेट. एका बाईने माझा फोटो काढला. रॅलीवाल्यांपैकी एकजण सांगायला आला की दोन्हीकडे पाय टाकून बसा. मी म्हटलं, "पन्नास वर्सापासून एकाच बाजूनं बसून राहिली, पडली नाई. तुमी किती डाव पडले ते सांगा." तो दुसऱ्या जोडीकडे गेला.

परतवाड्यापर्यंत थापा बरोबर बसल्या. घाटात बुढ्याच्या मानेवर गोमाशी बसली, म्हणून मी दोन फटके दिले. त्याने भर चढावर गाडी उभी केली. मागच्या दहा-अकरा गाड्या थांबल्या. मी मेलेली गोमाशी त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती झटकली आणि किक मारली.

थोडं पुढे आमच्या हत्यारांच्या पिशवीची दोरी सुटली. ते पाहून प्रशांत मागून हॉर्न देऊ लागला. पण वळण असं होतं की माझे दोन्ही हात कॅरिअरला. थाप मारायला तिसरा हात कुठून आणू? चार वेळा हॉर्न वाजला. पिशवी पडली. बुढा सरळ पुढे.

सेमाडोहला उतरलो, हेल्मेटं काढली, तर प्रशांत ती पिशवी घेऊन समोर. दुसरा हात त्याने पुढे केला. "चावी द्या, बाबा. चार डाव हॉर्न वाजवला."

बुढा आधी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिला, मग हाताकडे. मग त्याने खिशात हात घातला.

मी म्हटलं, "त्याईनं आयकला हॉर्न. मीच म्हटलं थांबू नका. वळनावर मले भेव लागते."

मला भेव लागतं हे प्रशांतने जन्मात ऐकलं नव्हतं. पण मी खोटं बोलते हेही ऐकलं नव्हतं. त्याने पुढे केलेला हात मागे घेतला. मग पिशवी खाली ठेवली आणि जेवणाच्या रांगेत गेला.

बुढ्याने आभार मानले नाहीत. ते त्याच्यात नाही. त्याने फटफटी चालू केली, टाकीवर हात ठेवला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "अवं, इचा आवाज कसा येऊन राहिला? दोन वर्स झाले, मले आयकूच येत नाई. अंदाजानंच चालवून राहिलो."

मला इंजिनातलं काही कळत नाही. मी फटफटीजवळ वाकून ऐकलं, मग त्याच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने तसाच आवाज काढला. धुग, धुग, धु-धुग, धुग. चार जाकिटं वळून पाहू लागली. बुढा डोळे मिटून ऐकत होता.

"मधात अटकते काय?"

मी मान डोलावली. त्याने पिशवीतून पेचकस काढला, कार्बोरेटरचा स्क्रू केसभर फिरवला आणि कान पुन्हा माझ्या तोंडाशी आणला.

"आता कर."