सुरवाडे नानांचं पंधरा हजारांचं लिमिट

आमच्या गल्लीत कुणाचं विजेचं बिल आलं की ते त्या घरातल्या माणसांआधी सुरवाडे नानांना कळतं. मीटरचं रीडिंग घेणारा माणूस कोपऱ्यावरून गेला की दोन-तीन दिवसांनी नाना चष्मा कपाळावर चढवून दारात हजर होतात.

"सर, तुमचं अठराशे चाळीस. भरू का?"

मी अजून मेसेजही पाहिलेला नसतो. मी आत जाऊन अठराशे चाळीस रुपये आणून त्यांच्या हातावर ठेवतो. ते दोनदा मोजतात, खिशात घालतात, आणि मग जिन्याच्या पायरीवर बसून स्वतःच्या क्रेडिट कार्डावरून माझं बिल भरतात. पावती मला, आणि बिलाच्या पाच टक्के कॅशबॅक, म्हणजे ब्याण्णव रुपये, नानांना. उशीर केला असता तर मला दंड बसला असता, त्यामुळे माझाही फायदाच, असं ते दर वेळी मला समजावून सांगतात.

बोदवडच्या आमच्या शाळेत नाना तीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होते. मी त्याच शाळेत गणित शिकवतो. निवृत्तीनंतर कार्ड काढायला गेले तेव्हा बँकेतल्या साहेबांनी त्यांचं वय पाहून नकारार्थी मान हलवली. नाना हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी वीस हजारांची ठेव ठेवली आणि त्या ठेवीवर पंधरा हजार लिमिटचं कार्ड घेऊनच घरी आले. वर पहिल्याच दिवशी कार्डाचे नियम छापलेली पत्रिका पेन्सिलीने खुणा करत वाचली. बारीक अक्षरातली ती पत्रिका पूर्ण वाचलेला दुसरा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

त्या पत्रिकेतून त्यांनी काढलेलं सार एवढंच: ऑनलाइन बिलांवर पाच टक्के, पण महिन्याला जास्तीत जास्त पाचशे. म्हणजे महिन्याला दहा हजारांची बिलं हवीत. नानांच्या घरची बिलं सगळी मिळून दीड हजारावर जात नव्हती. उरलेली साडेआठ हजारांची बिलं त्यांनी गल्लीतून उभी केली. कुणाची वीज, कुणाचा गॅस, कुणाचा मोबाइल, कुणाच्या विम्याचा हप्ता. नियम एकच, "आधी रोख, मग ठोक." उधारी नाही. माझ्या सख्ख्या मेव्हण्याने एकदा "उद्या देतो" म्हटलं, तर नाना शांतपणे म्हणाले, "मंग उद्याच भरू."

महिन्यात घरचा किराणा, औषधंही त्याच कार्डावर, त्यामुळे पंधरा हजार कधी भरून जात. मग नाना जमलेली रोकड घेऊन बँकेत जात, कार्डाचे पैसे मुदतीआधीच भरून लिमिट मोकळं करत. ते लिमिटला टाकी म्हणायचे; खर्च केला की भरते, पैसे फेडले की रिकामी. एकदा भर उन्हाळ्यात ते बँकेतून येता येता मला म्हणाले, "सर, टाकी पार रिकामी झाली." आमच्या गावात नळाचं पाणी रोज येत नाही. हे वाक्य शेजारच्या तीन घरांनी ऐकलं आणि दहा मिनिटांत बायका हंडे घेऊन सार्वजनिक टाकीकडे निघाल्या. नानांनी सगळ्यांना थांबवून कार्ड दाखवलं. त्यांच्यापैकी दोघींनी तिथेच गॅसचं बुकिंग करून घेतलं.

आमच्याकडे हेमंतभाऊ म्हणून केळीचे मोठे बागायतदार आहेत. त्यांच्या कार्डाचं लिमिट तीन लाख. ते एकदा हसून म्हणाले, "नाना, पंधरा हजारांत काय होतं हो?"

नानांनी विचारलं, "भाऊ, तुमाले मागच्या महिन्यात कॅशबॅक किती आला?"

हेमंतभाऊंना माहीत नव्हतं. नानांनी त्यांचा मोबाइल मागून घेतला, स्टेटमेंट उघडलं आणि बोट ठेवून दाखवलं. कॅशबॅक दोनशे दहा. उशिराचा दंड नऊशे पन्नास. त्या दिवसापासून दर महिन्याच्या सात तारखेला नाना हेमंतभाऊंना फोन करून पैसे भरायची आठवण करतात. फुकट.

"लिमिट वाढवून घ्या की," मी त्यांना सुचवलं होतं.

"कायले? पंधरा हजारांत मले सगळं दिसते. त्याच्या वर गेलं की नजर पुरत नाही."

दर महिन्याला स्टेटमेंटमध्ये पाचशे रुपये कमी झाले की नाना तेवढेच पाचशे रोख एका खाकी पाकिटात घालायचे. असं दोन वर्षांहून जास्त काळ चाललं. एका महिन्यात चारशे चौऱ्याऐंशीच झाले, तेव्हा ते तीन दिवस अस्वस्थ होते. पाकिटातल्या पैशांचं काय करणार, असं गल्लीत सगळ्यांनी विचारून पाहिलं. कुणी म्हणे मुलीसाठी सोनं, कुणी म्हणे नाशिकला मुलीकडे जायचं भाडं. नाना कुणालाच काही सांगत नसत.

गेल्या दिवाळीच्या आसपास एका सकाळी ते माझ्याकडे आले. हातात बँकेच्या ऑफरचा मेसेज कागदावर उतरवून घेतलेला. श्रवणयंत्रासारख्या वैद्यकीय वस्तूंवर दहा टक्के परत, जास्तीत जास्त अडीच हजार. अट एकच, एकाच वेळी पंचवीस हजारांच्या वर खरेदी. मुदत महिनाअखेरपर्यंत.

"काकूंसाठी मशीन घ्यायचं हाये कानाचं. जळगावात पाहून आलो. सव्वीस हजार पाचशे."

नानांच्या पत्नी शांताकाकूंना पाच-सहा वर्षांपासून ऐकू येणं कमी होत गेलं होतं. त्या कुणाला कळू देत नसत. समोरच्याचे ओठ पाहून हसत, मान हलवत. आम्ही त्यांना मितभाषी समजत होतो. पाकीट कशासाठी होतं ते मला त्या क्षणी कळलं, पण माझ्यातला गणिताचा मास्तर आधी बोलला.

"नाना, पंधरा हजारांच्या कार्डावर सव्वीस हजार पाचशे कसे बसतील?"

ते बहुधा याच प्रश्नाची वाट पाहत होते. "टाकी पंधराची. काल मी कार्डाचे पैसे पूर्ण भरले आन वरून बारा हजार जास्तीचे भरले, पाकिटातले. म्हणजे टाकीजवळ बाराचा ड्रम ठेवला. आता किती झालं?"

"सत्तावीस."

"मंग बसते का नाही?"

बसत होतं. खाली पाचशे रुपये शिल्लकही राहत होते. मी एवढंच म्हणालो की मीही सोबत येतो.

खरी अडचण काकूंची होती. त्या यायलाच तयार नव्हत्या. "आता या वयात काय ऐकायचं राहिलं?" असं म्हणून त्यांनी ऑफरचे तीन आठवडे घालवले; तेवढे दिवस नानांनी कार्डावर एक रुपयाही खर्चला नाही. शेवटी महिन्याच्या अखेरच्या दिवशी नानांनी त्यांची चप्पल दारात सरळ करून ठेवली आणि स्वतः बाहेर जाऊन उभे राहिले. अर्ध्या तासाने काकू पदर सावरत बाहेर आल्या. आम्ही तिघं एसटीने जळगावला पोचलो.

दुकान तळघरात होतं. तिथल्या मॅडम तरुण, बोलायला गोड. त्यांनी काकूंच्या कानामागे यंत्र बसवलं, संगणकावर काहीतरी जुळवलं. काकूंनी एकदम वर छताकडे पाहिलं.

"पंखा वाजते का हा?"

"हो मावशी, जरा जुना आहे," मॅडम म्हणाल्या.

काकूंनी मॅडमकडे पाहिलं, मग टेबलावर हळूच नख वाजवून पाहिलं. नाना कोपऱ्यात कार्ड हातात धरून उभे होते.

"काका, तुम्ही बोला ना त्यांच्याशी काहीतरी."

"आधी बिल होऊ द्या," नाना म्हणाले, तेही भिंतीकडे तोंड करून.

मॅडमनी कार्ड लावलं. व्यवहार नामंजूर. परत लावलं. परत नामंजूर. "रोख असतील तर पाचशे कमी करते," त्या म्हणाल्या.

"पाचशेसाठी अडीच हजार सोडू? तुम्ही थांबा."

काकूंना आता सगळं ऐकू येत होतं. नामंजूर हा शब्दही. त्यांनी दोन्ही हात कानाकडे नेले आणि यंत्र काढायला लागल्या. "राहू द्या. इतके दिवस चाललं ना. चला घरी."

नाना पुढे आले आणि त्यांचा हात मनगटाशी धरला. मान हलवून नको म्हणाले. काकूंनी हात खाली घेतला.

मग नाना स्टुलावर बसले आणि मोबाइल माझ्याकडे न देता दुकानाच्या वायफायवर स्वतःच ॲप उघडलं. एकेक पान वाचत गेले. सात-आठ मिनिटांनी त्यांचं बोट थांबलं. एका वेळी जास्तीत जास्त खर्च दहा हजार, अशी मर्यादा कार्डावर घातलेली होती. घालणारे खुद्द नानाच. कार्ड आलं त्या आठवड्यात, चोर कार्ड चोरेल या भीतीने.

"माहा मीच शहाणा," ते पुटपुटले.

मर्यादा वाढवायला मोबाइलवर ओटीपी हवा होता आणि तळघरात रेंज नव्हती. नाना जिना चढून रस्त्यावर गेले. ओटीपी आला, पण ॲपमध्ये टाकेपर्यंत त्याची वेळ संपली. पुन्हा मागवला. मी दारातून पाहत होतो. गुडघे दुखणारा सदुसष्ट वर्षांचा माणूस फुटपाथवर, एका हाताने मोबाइलवर सावली करून, एकेक आकडा मोठ्याने म्हणत टाकत होता. चौथ्या वेळी जमलं. खाली येऊन त्यांनी कार्ड मॅडमपुढे धरलं. कार्डाच्या मशीनने थोडा वेळ घेतला आणि मग सव्वीस हजार पाचशेची पावती बाहेर आली. नानांनी ती पूर्ण वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि काकूंकडे वळले.

"चाल मंग, निघू आपण."

सवयीने ते इतक्या जोरात बोलले की मॅडम दचकल्या. काकूंनी डोळे मिटून घेतले. "हळू बोला," त्या म्हणाल्या, "येते ऐकू."

परतीच्या एसटीत मला त्यांच्या मागची जागा मिळाली. नशिराबाद मागे पडलं तरी नाना पुढच्या सीटच्या दांडीकडे बघत होते. आता हळू बोलायचं म्हणजे नेमकं कसं, हे बहुधा त्यांना आठवत नसावं. भुसावळला गर्दी उतरली, गाडी जरा शांत झाली, तेव्हा काकूंनीच विचारलं.

"रोज चहा पिताना तुम्ही काहीतरी बोलता. मी मान हलवते. काय बोलता, ते मले कधी समजलं नाही."

"काही नाही. असंच."

"असंच म्हणजे काय?"

नानांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी झोपल्याचं सोंग घेतलं.

"चहा चांगला झाला, असं म्हणायचो."

"रोज?"

"रोज."

"साखर टाकायची राहून गेली होती त्या दिवशीबी?"

"त्या दिवशीबी."

वरणगावचा फाटा आला, दोन माणसं चढली, गाडी पुन्हा निघाली. मग काकू नानांकडे जरा सरकून बसल्या.

"आणखी काय म्हणायचे?"

नाना घसा खाकरून सांगू लागले. आवाज इतका हलका होता की मागच्या सीटवर मला एक शब्दही ऐकू आला नाही.