गुणवंतरावांचा कोनमापक

आमच्या गल्लीत कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, की माणूस दवाखान्यातून घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी गुणवंतराव कोनमापक घेऊन हजर. तोच तो, कंपासपेटीतला, अर्धगोल, प्लास्टिकचा. ‘कसं वाटतं’ वगैरे विचारायची पद्धत त्यांच्याकडे नाही. खुर्ची ओढायची, कपाळावरचा चष्मा नाकावर घ्यायचा आणि म्हणायचं, “वाकवा.”

अमरावतीत आम्ही सात वर्षांचे शेजारी. मोर्शीकडे त्यांची संत्र्याची बाग आहे. ती धाकटा भाऊ बघतो आणि हे इथे लोकांचे गुडघे बघतात. स्वतःचे दोन्ही ठणठणीत. सत्तरी गाठली तरी ओट्यावर उकिडवे बसून तासभर राजकारण बोलतील. पण पंगतीत खाली बसायचं नाव नाही. लग्न असो की भंडारा, “मले खुर्ची पायजे” म्हणून अडून बसतात. सगळे म्हणायचे, म्हाताऱ्याचे नखरे. मीही म्हणायची, खोटं कशाला बोलू?

मग मागच्या हिवाळ्यात माझाच उजवा गुडघा बदलला. मी गणिताची मास्तरीण. तीस वर्षं पोरांना कोन मोजायला शिकवलं आणि आता माझाच कोन मोजायला हे गृहस्थ पुढ्यात! पहिल्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं, “एकशे वीस! वा मॅडम!”

तेवढ्या दुखण्यातही मला हसू फुटलं. कोनमापकावर आकड्यांच्या दोन ओळी असतात आणि हे उलटी ओळ वाचत होते. खरे होते साठ. चूक समजावून दिली तशी त्यांचा चेहरा पडला. मागच्या गल्लीतल्या एका गृहस्थांना त्यांनी असंच ऐंशीवरून शंभराला पोचवलं होतं, आणि ते खुशीत व्यायाम सोडून लोळत होते. गुणवंतराव चहा तसाच ठेवून उठले, तिकडे जाऊन ‘तुमचे वीस कमी झाले’ असं सांगून आले आणि मगच थंड चहा प्याले.

त्यांच्या कोनमापकावर सत्तरापाशी नेलपॉलिशची एक लाल रेघ होती. ही कशाची, मी विचारलं. म्हणाले, “ते राहू द्या. तुमी वाकवा.”

डॉक्टरांनी बजावलं होतं, दीड महिन्यात नव्वद गाठा, नाहीतर गुडघा आखडून बसेल. माझ्या साऱ्या कुंड्या गच्चीवर, म्हणजे जिना चढणं आलंच. पण व्यायाम म्हणजे ब्रह्मांड आठवायचं. व्यायाम शिकवणारी मुलगी रोज यायची आणि मी रोज कुरकुरायची. सून माझी मायाळू. ‘आई, आज राहू द्या, उद्या करू’ म्हणायची आणि मला तेच हवं असायचं. तीन आठवडे झाले तरी मी सत्तराच्या पुढे सरकेना.

एक दिवस सुनेचं ते ‘राहू द्या’ गुणवंतरावांच्या कानावर पडलं. एरवी गमतीजमती करणारा माणूस, पण तिच्यावर असा भडकला की पोर रडवेली झाली. “मायेनं पाय वाया जाते, पोरी,” एवढं बोलून तरातरा निघून गेले. मला भयंकर राग आला. आमच्या घरात येऊन आमच्याच सुनेला बोलणारे हे कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारी पुन्हा दारात, हातात संत्र्यांची टोपली. दहा अंशाला एक संत्रं, असा नवा करार मांडला. सुनेला मात्र आगाऊच चार देऊन टाकली. राग धरावा तरी कसा? मी दात-ओठ खात वाकवत गेले. सहाव्या आठवड्यात पंच्याण्णव झाले.

रिकामी टोपली परत करायला मी काठी टेकत त्यांच्याकडे गेले. त्यांची बायको कमलाबाई खुर्चीत बसली होती आणि एक पाय पुढे स्टुलावर लांब केलेला. त्या फारशा बाहेर पडत नसत, पण का, ते मी कधी विचारलं नव्हतं. पायाकडे बघितलं आणि लाल रेघ उमगली.

कमलाबाईंनी हसतच सांगितलं. आठ वर्षांपूर्वी अकोल्याला त्यांचं ऑपरेशन झालं. पहिल्याच व्यायामाला त्या ओरडल्या, तर गुणवंतरावांनी शिकवणाऱ्या मुलीला दारातूनच परत पाठवलं. दोन महिने चहापासून जेवणापर्यंत सगळं गादीवर. पुढे डॉक्टरांनी भूल देऊनही पाय वाकवून पाहिला. सत्तरावर अडकला तो अडकलाच. “तवा मले रडू देलं नाही,” त्या म्हणाल्या, “अन् आता साऱ्या गावाले रडवते.”

गुणवंतराव दारात उभे होते. कोनमापक हातात फिरवत हळूच म्हणाले, “तिचं रडनं मले पाहावलं नाही, मॅडम. म्याच तिचा पाय कडक केला.”

कमलाबाई म्हणाल्या, “झालं आता. चहा ठेवा.” आणि ते मुकाट्याने चहा ठेवायला गेले.

गेल्या महिन्यात गल्लीतल्या मारुतीचा भंडारा झाला. मी बळेच कमलाबाईंना घेऊन गेले. मंडपात पंगत बसली होती. भिंतीशी दोन खुर्च्या मांडलेल्या, एकीवर कमलाबाई, पाय लांब करून. दुसरीवर गुणवंतराव.

वाढणाऱ्या पोरानं त्यांना चिडवलं, आजोबा, गुडघा दुखते काय? ते वांग्याची भाजी कालवत म्हणाले, “गुडघा मस्त आहे, बाप्पा. पन बायको खाली नाही बसू शकत, त मी काहून बसू?”

मी तिसरी खुर्ची ओढली. बसता बसता त्यांचं लक्ष माझ्या पायाकडे गेलं आणि हात सवयीनं खिशात गेला. कमलाबाईंनी डोळे वटारले, तसा त्यांनी हात रिकामाच बाहेर काढला आणि कमलाबाईंच्या पानात बुंदी वाढली.