साळवे अण्णांची दातेरी भिंत

साळवे अण्णांकडून सुरी घ्यायची तर कमरेत वाकावं लागतं. ते सुरी कधीच हातात देत नाहीत. जमिनीवर ठेवतात, दोन पावलं मागे सरकतात आणि मग ती तुम्ही उचलायची. आमच्या नांदूरघाटात ही रीत जुन्या बायका अजून पाळतात. सुरी हातोहात दिली की देणाऱ्या-घेणाऱ्यात भांडण होतं, असं माझी आईही सांगायची. पण अण्णा म्हणजे उभी नोकरी शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून काढलेला माणूस. आज्यानं बुद्धाची वाट धरली तेव्हाच घरातले गंडेदोरे विहिरीत गेले, हे ते छाती पुढे काढून सांगतात. मांजर आडवं गेलं तर थांबून मांजराची विचारपूस करतात. नवी चप्पल मुद्दाम अमावास्येला घेतात.

मी एकदा छेडलंच. "अण्णा, एवढे विज्ञानवादी तुम्ही, आणि हे हो काय?"

"ही अंधश्रद्धा न्हाई, सुरक्षेचा नियम हाय," ते म्हणाले. "हातोहात देताना तुमचं बोट कापलं, तर तुमी माज्याशी भांडताल का न्हाई?"

मी वाकून सुरी उचलली.

माझं मेडिकलचं दुकान त्यांच्या घरासमोर आहे, त्यामुळे हा माणूस मला रोज आणि फुकट बघायला मिळतो. त्यांच्या बैठकीत एका भिंतीवर बुद्धांची तसबीर आहे आणि समोरच्या भिंतीवर सुऱ्या. त्याही फक्त दातेरी, करवतीसारखे दाते असलेल्या. साध्या धारेची वस्तू त्या भिंतीवर चढत नाही. गवत कापायचे दाताचे विळे आहेत. बीडच्या एका बेकरीवाल्याच्या मिनत्या करून आणलेली पाव कापायची लांब सुरी आहे. मासे कापायचा म्हणून कुणी कोकणातून पाठवलेला सुरा आहे, ज्यानं आमच्या गावात मासा अजून पाहिलेला नाही. आणि केकबरोबर येतात त्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या सुऱ्या तर ओळीनं टांगल्यात. गावात कुठल्याही लेकराचा वाढदिवस असला की अण्णा हजर. साखरेचा आजार, त्यामुळे केक खात नाहीत. मेणबत्त्या विझल्या, टाळ्या झाल्या की हळूच पुढे होऊन म्हणतात, "सुरी फेकू नगा बरं का."

या सगळ्यांच्या मधोमध, एकट्या खिळ्यावर, जर्मन सुरी. ती त्यांनी मोबाइलवरच्या ग्रुपातल्या एका लुधियानाच्या माणसाकडून मिळवली. हो, अशा लोकांचा ग्रुपही असतो. तिथे रोज घमासान चालतं. घडीच्या चाकूची अर्धी धार साधी आणि अर्धी दातेरी असेल तर त्याला दातेरी म्हणायचं की नाही, यावर अण्णा आणि केरळातले एक गृहस्थ दोन महिने एकमेकांशी बोलत नव्हते. दोघांचंही हिंदी असं, की भांडण नक्की कशावरून झालं हे दोघांनाही नंतर नीट सांगता येईना. "पर ऐसी जर्मन सुरी पूरे ग्रुप में किसी के पास नै," एवढं मात्र अण्णा शेवटी ऐकवायचेच. त्या सुरीला हात लावायची सक्त मनाई. एकदा मी नुसतं बोट पुढे केलं तर म्हणाले, "लांबूनच बघा, डोळं दिलेत ना देवा... निसर्गानं."

माझ्या दुकानात गिऱ्हाईक खोकत उभं असलं तरी त्यांचं व्याख्यान थांबत नाही. "मानसाला लोखंड कळायच्या आधी दाते कळले," ते सुरू होतात. "गारगोटीच्या कपच्या लाकडात बसवून लोक पीक कापायचे. आन् त्यांना कुनी शिकवलं? गवतानं. उसाचं पान हातावर वढून बघा, कसं चिरतं! पयला दातेरी सुरा पानाचा." गिऱ्हाईक ऊसतोडीला जाऊन आलेलं असेल तर बाही वर करून ओरखडे दाखवतं, की अण्णा खूश. "बघा! हाच पुरावा! आन् साध्या धारेला जोर लागतो, दातेरीला न्हाई. दाबू नगा, वढा."

'दाबू नगा, वढा' हा त्यांचा सगळ्या रोगांवरचा उतारा आहे. माझ्या दुकानाचं शटर अडकलं की "दाबू नगा, वढा." बांधावरून भांडणारे दोघे भाऊ सल्ला मागायला आले, तर त्यांनाही हेच. एका सरपंचानं निवडणुकीआधी मतांचं विचारलं, तर त्यालाही. सरपंच हरला. अण्णांचं म्हणणं, त्यानं दाबलं.

करवतीशी मात्र त्यांचं जन्माचं वाकडं. मी एकदा सुताराकडची मोडकी करवत भेट म्हणून नेली. म्हटलं, हिच्याएवढे दाते कुणाला आहेत? अण्णा इतके दुखावले की चहा विचारायचा विसरले. "करवत म्हंजे अवजार. ती धसमुसळी असती. हितं सगळी नाजूक मंडळी हायत." पण परत काही दिली नाही, परसात टाकून ठेवली.

आणि त्यांची परीक्षा! नवी सुरी आली की पिकलेला टमाटा घ्यायचा. मग डाव्या हाताची बोटं रुमालानं करकचून बांधायची आणि त्या लुळ्या हातानं टमाटा कापायचा. उजवा हात पाठीमागे. मी पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा दुकानात येऊन पोट धरून हसलो. रस टेबलावर, बिया मिशीत, आणि अण्णा गंभीर चेहऱ्यानं चिठ्ठीवर लिहितायत, 'नापास'. भिंतीवरच्या झाडून सगळ्या सुऱ्यांखाली हीच चिठ्ठी. जर्मनसुद्धा नापास.

"मग ठेवता कशाला नापास सुऱ्या?"

"नापास झालं म्हनून लेकराला घराभाईर काढतो का आपन?"

मला वाटलं, रिटायर झालेल्या माणसाला छंद पाहिजे. कुणी भजनाला बसतो, कुणी पारावर. हे सुऱ्यांना नापास करतात.

त्यांच्या बायकोला आम्ही सगळे काकू म्हणतो. फार बोलत नाहीत, पण बोलल्या की दोन शब्दांत समोरच्याचा निकाल लावतात. स्वयंपाकघरात दुसऱ्याचा हात चालत नाही. दर महिन्याला माझ्याकडून सांधेवाताच्या गोळ्या नेतात. गेल्या दोन वर्षांत त्यांच्या हातांची बोटं वळत गेली, पुडी पदरात धरून नेऊ लागल्या. गोळ्या मीच मोजून देत होतो, आणि समोरच्या घरात डाव्या हाताची बोटं बांधून अण्णा टमाटे कुणासाठी कापतायत, हे मला कळत नव्हतं. शहाणपणा माझा.

गेल्या महिन्यात काकू आल्याच नाहीत, म्हणून एके दिवशी सकाळीच पुडी घेऊन मी गेलो. दारात पुण्याची गाडी उभी होती. मुलगा मिलिंद आईला न्यायला आला होता. पिशव्या भरून उंबऱ्याशी ठेवलेल्या. काकू खुर्चीत बसलेल्या.

मिलिंदनं मला सांगितलं, "आईनं सोताच फोन केला, काका. म्हणाली, ने मला."

"मंग काय करू?" काकू म्हणाल्या. "ज्या घरात मला कांदा चिरता येत न्हाई, त्या घरात मी पाव्हनीच. पाव्हनीच व्हायचं तर लेकाकडं हुईन. हे चिरतेत, मी बघत बसती. वांग्याच्या फोडी बघा यांच्या, बैलाला घालायच्या का मानसाला?"

अण्णांना पुण्याला चला म्हणावं तर मिलिंदच्या दोनच खोल्या, लहान लेकरं. आणि काकूंनीच सांगितलं होतं की हे त्या भिंतीला सोडून यायचे नाहीत. मी भिंतीकडे पाहिलं. मधला खिळा रिकामा होता.

एवढ्यात परसातून अण्णा आले. अंगावर लाकडाचा भुसा, डोळे तांबारलेले. हातात एक विचित्र वस्तू. जर्मन सुरीचं पातं, आणि त्याला मागे उभी बसवलेली, अख्ख्या मुठीत मावेल अशी जाड लाकडी मूठ. ती मूठ मी ओळखली. माझ्या मोडक्या करवतीची होती.

"शकू," ते काकूंना म्हणाले, "जाताजाता येवडी एक परीक्षा घेऊ." आवाज असा, की मिलिंद पिशवी उचलता उचलता थांबला.

त्यांनी भाजी चिरायच्या पाटावर टमाटा ठेवला. पाट काकूंच्या पुढ्यात स्टुलावर सरकवला. आणि मग, जन्माची सवय, सुरी खाली जमिनीवर ठेवून दोन पावलं मागे सरकले.

काकूंनी खाली पाहिलं. थोडं वाकल्या. वळलेली बोटं मुठीला लागली, पण फरशीवरून ती काही उचलली जाईना. एकदा, दोनदा. मग त्या सरळ झाल्या आणि हात मांडीवर ठेवून दाराकडे बघू लागल्या. मिलिंद पुढे झाला, तर अण्णांनी त्याला हातानं थांबवलं. स्वतः वाकले. सुरी उचलली, काकूंचा हात हातात घेतला, तळव्यात मूठ ठेवली आणि एकेक बोट तिच्याभोवती गुंडाळलं.

"आवो, हातात देताय व्हय?" काकू दचकल्या. "भांडन व्हईल की."

"व्हऊ दे," अण्णा म्हणाले. "भांडायला तरी हितं ऱ्हाशील."

काकूंनी टमाट्यावर पातं टेकवलं.

"दाबू नगं," अण्णा पुटपुटले.

"म्हाईत हाय," काकू म्हणाल्या, आणि ओढलं. टमाट्याची एक चकती सुटून पाटावर पडली. पातळ, गोल, एक बी न सांडता. मग दुसरी. अण्णांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि चिठ्ठ्या नीट करायला लागले, पण चिठ्ठ्या नीटच होत्या. माझेही डोळे भरून आले, लपवून काय करू? पुडी टेबलावर ठेवून मी गुपचूप निघालो. दुपारी मिलिंदची गाडी गेली. पिशव्या उंबऱ्याच्या आतच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतोय, तर समोरून आवाज चढलेले. कांदा उभा चिरायचा की आडवा, यावरून दोघांचं पेटलं होतं. काकू म्हणत होत्या, तुमाला काय कळतंय, आणि अण्णा म्हणत होते, सुरी कुनी केली? चांगलं तासभर चाललं. तेव्हापासून मी कुणालाही छातीठोकपणे सांगतो की सुरी हातात दिली की भांडण होतं, ही अंधश्रद्धा नाही. मी स्वतःच्या कानांनी रोज ऐकतो.