केरबा अस्वल आणि बिनमिशांच्या बाई

एका जंगलात, बाळांनो, फार सभ्य प्राणी राहत होते. इतके सभ्य, की शिंक आली तर आधी चारचौघांची माफी मागत. तोवर शिंक निघून जाई.

त्या जंगलात केरबा नावाचं एक अस्वल होतं. बंद पडलेलं हृदय छाती दाबून कसं चालू करायचं, याचं शिबिर झालं तेव्हा त्याचा पहिला नंबर आला होता. सरावाला पेंढ्याचा पुतळा होता. त्याला झुपकेदार मिशा होत्या. बाईचा पुतळा करणं जंगलाच्या सभेला बरं वाटलं नव्हतं.

एके दिवशी भर बाजारात शाळेतल्या सगुणाबाई चितळ भाजी निवडता निवडता कोसळल्या. हाक मारली तर ओ नाही, श्वासही नाही. केरबा दोन पावलांवर होता. त्याच्या तिन्ही पोरींना बाईंनीच लिहायला शिकवलं होतं. तो धावला, गुडघे टेकले, पंजे उचलले. पंजे तसेच हवेत राहिले. बाईंना मिशा नव्हत्या.

सरपंच कोल्ह्याने सूत्रं लगेच हाती घेतली. बायकांना असलं बघवणार नाही म्हणून त्याने त्यांना घरी पिटाळलं. पुरुषांना बाईंभोवती गोल उभं केलं, पाठ करून. कुणी वळून बघायचं नाही, अशी सक्त ताकीद दिली. नदीपलीकडच्या वैद्यांना निरोप गेला. वैद्य कासव होते. ते तातडीने निघाल्याचं कळलं.

"दाबू का?" केरबाने विचारलं.

"यजमानांना विचारलंस का?" कोल्हा मान न वळवता म्हणाला. यजमान दोन टेकड्या पलीकडे चरायला गेले होते.

बाईंचे ओठ काळेनिळे पडत चालले होते. केरबाला ते दिसत होतं. आणि उद्या पारावर काय बोलतील, बायको काय म्हणेल, खुद्द बाईंना काय वाटेल, हेही दिसत होतं. त्याला लाज वाटत होती, आणि त्या लाजेचीही लाज वाटत होती.

तेवढ्यात म्हातारी गोदा वानरी त्या पाठींमधून वाट काढत आत घुसली.

"केरबा," ती म्हणाली, "शुद्धीवर आल्यावर बाई रागावल्या तर माफी माग. पण रागवायला तरी त्या उरू देत."

केरबाने पंजे छातीच्या मधोमध ठेवले आणि सगळा जोर लावला. भराभर, न थांबता. एक बरगडी कडकन वाजली, तरी तो थांबला नाही. तो दमला तेव्हा गोदाने दाबलं, मग पुन्हा त्याने. शेवटी बाईंनी मोठा श्वास घेतला. केरबा तिथेच बसून ढसाढसा रडला.

वैद्य तिसऱ्या दिवशी पोहोचले.

मग सभा भरली. पाठ करून उभं राहणाऱ्यांचा शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला. केरबाला कडक समज देण्यात आली. आभार मानायला बाईंना उभं केलं. बरगडीवर हात धरून त्या हळूहळू बोलल्या.

"मी डोळे उघडले तेव्हा मला तुम्हा सगळ्यांच्या पाठी दिसल्या. माझ्याकडे तोंड असलेली दोघंच होती."

सभेने टाळ्या वाजवल्या. बाई आभार मानताहेत, अशीच सगळ्यांची समजूत झाली.

तात्पर्य : परक्या बाईला हात लावू नये. तिचा श्वास थांबला, तर पाठ करून सभ्यपणे उभं राहावं. नंतर सगळ्यांनी मिळून तिला खांदा द्यावा. त्या वेळी हात लावला तरी कुणी नावं ठेवत नाही.