सुभाष रोडावरील शेणखताची स्वारी आणि झाकल्या तुकड्याची फत्ते

चैत्र वद्य पंचमी, शके १९४७, दोन प्रहर टळून गेल्यावर शेणखताने भरलेला एक ट्रेलर धारवाडच्या सुभाष रोडावर दाखल जाहला. त्यास कोणी बोलाविले नव्हते.

पुढील मजकूर वाचून कोणी नाक मुरडू नये, कारण मामला नाकाचाच आहे. पाहिले ते पाहिले म्हणून आणि ऐकले ते ऐकले म्हणून लिहिले आहे. पदरचे काही घातले नाही.

प्रसंग ऐसा. राजश्री बाळाचार्य वकील यांनी वकिली सोडून गावाबाहेर चार एकरांचा मुलूख राखला होता, आणि त्यांचा दंडक होता की खत रानभर फेकावे आणि पेरणीपर्यंत उघडे ऊन खाऊ द्यावे. त्यांची कन्या उत्तरा शेतकीशास्त्रात संशोधन करी. तिने अर्ज गुजारला की उघड्या खतातून अमोनिया उडतो, वाऱ्यासवे परमुलखी उतरतो, आणि मग त्यातला काही फितूर होऊन नायट्रस ऑक्साइड बनतो, जो कार्बन डायऑक्साइडहून शेकडो पटींनी पृथ्वी तापवितो. सबब खत पडताच मातीआड करावे. बापलेकींत तह जाहला. एका तुकड्यात खत उघडे राहावे आणि शेजारच्यात लागलीच नांगरून झाकावे, आणि दोहोंवर उपडे डबे ठेवून कोंडलेला वायू सुईने बाटल्यांत भरून प्रयोगशाळेस रवाना करावा. खत मात्र एकाच ट्रेलरचे आणि एकाच दिवशीचे हवे. तुलना मोडली तर उत्तरेचे अख्खे वर्ष फुकट जाणार होते.

खत यायचे त्याच पंचमीच्या सायंकाळी शेतघराच्या अंगणात बाळाचार्यांच्या वडील भगिनी अंबूताईसाहेब यांचे चैत्रातले हळदीकुंकू होते. त्यांचे फर्मान सुटले होते, की गौरीपुढे वास आला तर प्रयोग तेथेच बंद.

मग ट्रेलर बांधावर आला. ट्रॅक्टरवर मारुती, आदल्याच दिवशी मिरजेहून कामास आलेला. बाळाचार्यांनी सवयीने कन्नडात हुकूम सोडला, "हाक्री! हाक्री!" मारुतीने भरला ट्रेलर हाकला, तो थेट शहराच्या वाटेस लागला. फोन इंजिनाच्या आवाजात बुडाले, आणि खासे वकील स्कूटरवर स्वार होऊन पाठलागास निघाले. सुभाष रोडावर साड्यांच्या दुकानापुढे दोन्ही फौजांची गाठ पडली.

"अरे, निघालास कुठं?"

"अप्पा, तुम्हीच म्हणालात हाका. मी हाकला."

"हाक्री म्हणजे टाका रे, कन्नडात! टाक!"

"मग इथं टाकू?"

तेव्हा उभ्या बाजारातून "नको!" आणि "ब्याडा!" ऐशा दोन भाषांतल्या आरोळ्या एकदम उठल्या, आणि मारुतीने तोंड फिरविले.

परत येईतो ऊन कलले. दोन्ही तुकड्यांत खत पडले, एक नांगरून झाकला गेला, आणि उत्तरेने डबे मांडले. इतक्यात सवाष्णी येऊ लागल्या आणि वारा उघड्या तुकड्यावरून नेमका अंगणात शिरला. अंबूताईसाहेब नाकास पदर लावून बांधावर आल्या.

"उत्तरे, तोही झाक. आत्ता."

"आत्या, तो झाकला तर हा कशाशी ताडून बघू? वर्ष जाईल माझं."

"माझी गौर तुझ्या डब्यांपेक्षा जुनी आहे गं!"

उत्तरा डब्यापुढून हलली नाही. ताईसाहेब उघड्या तुकड्याशी गेल्या आणि खोकल्या, मग झाकल्या तुकड्यापलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. तेथे त्यांनी पदर काढला, एकवार श्वास घेतला, पुन्हा घेतला, आणि हुकूम केला की गौर इकडे हलवा. मग पाळण्यासकट गौर, आंबेडाळीचे पातेले आणि पन्ह्याची घागर यांनी कूच केले, आणि झाकल्या खतापासून चार हातांवर हळदीकुंकू पार पडले. एका पाहुणीने ओटी घेता घेता पुसले, "अक्का, खत कधी टाकणार आहात?"

बाळाचार्यांनी तेथेच शिकस्त कबूल केली. पुढील सालापासून सारे रान झाकावे ऐसे ठरले, आणि झाकल्या तुकड्याची फत्ते येथे रीतसर नोंदली आहे.

उत्तरेने मात्र फत्तेचा पेढा घेतला नाही. तिचे म्हणणे, नाकाने अमोनियाच तेवढा पकडला. नायट्रस ऑक्साइडास वास नाही, आणि आठवड्यामागे वळीव पडून माती ओली आहे, आणि ओल्या मातीआड हवा कमी पोचते तेथेच तो बनतो, तेव्हा झाकलेल्या खतातून तोच जास्त निघत असेल. अंबूताईसाहेब म्हणाल्या, "मग माझी गौर कुणाच्या शेजारी बसू दिलीस गं?"

अमोनियाचा निकाल आला आहे, झाकल्या तुकड्यातून पुष्कळ कमी उडाला. दुसऱ्या वायूच्या बाटल्या प्रयोगशाळेत आहेत आणि निकाल अद्याप नाही. बाळाचार्य रोज सकाळी झाकल्या तुकड्याशी वाकून वास घेतात. काही येत नाही.