पेडणेकरांची तीन किलो लिंबं

पेडणेकर आमच्याकडे आले की आधी बेल वाजवायचे आणि मग दारातच यादी सांगायचे. "आत येतंय: केळी सहा, पेपर एक, माणूस एक." जाताना पुन्हा उंबऱ्यात उभे. "बाहेर जातंय: माणूस एक. केळी इथेच राहिली." एकदा ह्यांच्या ऑफिसात पोचवायला मी त्यांच्याकडे पुऱ्यांचा डबा दिला. डब्यासोबत चिठ्ठी गेली: निघताना पुऱ्या चौदा, पोचल्या बारा, वाटेत घट दोन. खाली तारीख, सही. ह्यांनी ती आठवडाभर ऑफिसात सगळ्यांना दाखवली आणि मला मेलीला उगाच सगळे पुऱ्यांबद्दल विचारत राहिले.

तेव्हा, नव्वदच्या दशकात, आम्ही अमिरातीत, ओमानच्या सीमेवरच्या अल ऐनला राहायचो. पेडणेकर शेजारच्या फ्लॅटमध्ये, एकटेच. लग्न केलेलं नव्हतं. मूळचे मालवणचे, आणि नोकरी एका क्लिअरिंग कंपनीच्या यार्डात. खोर फक्कानला जहाजातून उतरलेले कंटेनर ट्रेलरवरून तिथे यायचे, तपासले जायचे आणि पुढे ओमानला रवाना व्हायचे. चारी बाजूंना वाळू, समुद्र दीड तासावर, पण पेडणेकर त्याला 'आमचं बंदर' म्हणायचे. "पाणी सोडलं तर सगळं आहे, वहिनी."

कागदावर लिहिलंय तेवढंच पेटीत आहे की नाही, एवढं बघायचं हे त्यांचं काम. ते करून करून माणूस असा झाला होता. कुणाकडे त्यांच्या हातून कप फुटला तर घरातली बाई यायच्या आत स्वतः सांगणार. सर्दी झाली तर लिफ्टमध्ये शिरताना जाहीर करणार. "माणसानं डिक्लेअर करावं, खलास. मग झोप लागते." हे दिवसातून चारदा.

शुक्रवारी सकाळी ते आमच्या गाडीतून बुरैमीच्या बाजारात यायचे. बुरैमी ओमानात, पण अल ऐनला इतकी चिकटलेली की एक रस्ता ओलांडला की देश बदलायचा. त्या काळी मध्ये ना चौकी, ना शिपाई. पण परतताना पेडणेकर एका खजुराच्या झाडापाशी गाडी थांबवायला लावायचे. खाली उतरून खिशातला कागद काढायचे आणि झाडासमोर उभं राहून वाचायचे. "लिंबं, तीन किलो. कोथिंबीर, एक जुडी. वैयक्तिक वापरासाठी." मग कागदावर सही करून गाडीत बसायचे. "यल्ला, निघू या."

आमची मुक्ता तेव्हा आठ वर्षांची. ती म्हणायची, "काका, नो वन इज चेकिंग."

"म्हणून तर वाचायचं, बाळा."

आता मला सांगा, एकट्या माणसाला आठवड्याला तीन किलो लिंबं कशाला लागतात? इमारतीत त्यांच्या लोणच्याची बरणी नाही असं एक घर नव्हतं. वॉचमन त्यांना पाहून जिन्याखाली लपायचा. आणि लिंबं घ्यायची ती एकाच दुकानातून, बाजाराच्या पार टोकाला जाऊन. वाटेतल्या दुकानांकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. एकेक लिंबू हातात घेऊन अर्धा अर्धा तास निवडायचे. गाडीत उकडून आमचा जीव जायचा.

मग काही वर्षांनी सीमेवर कुंपण घालायला लागले. लवकरच चौकी बसणार, परवाना लागणार, आणि आमच्यासारख्यांना तो सहज मिळायचा नाही, असं सगळे बोलू लागले. मी पेडणेकरांना चिडवलं, "चला, आता तुमची यादी ऐकायला खरा माणूस बसणार." ते हसले नाहीत.

चौकी सुरू व्हायच्या आधीच्या शुक्रवारी आम्ही गेलो. पेडणेकर त्यांच्या नेहमीच्या दुकानासमोर उभे राहिले, हातात एक लिंबू. वीस मिनिटं तेच लिंबू. शेवटी मी गाडीतून उतरले. "अहो, त्याचं लोणचं इथेच घालताय का?"

ते लिंबाकडे बघतच नव्हते. समोर, रस्त्यापलीकडे, टायरचं दुकान होतं. निळ्या कपड्यांतला एक माणूस उकिडवा बसून ट्रकचं चाक खोलत होता. नाक थेट पेडणेकरांचं.

"माझा धाकटा भाऊ. वसंत," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत दोन पुऱ्या सांगितल्या, भाऊ सांगितला नाही.

"यार्डात मीच चिकटवला होता त्याला, लोडर म्हणून. एका कंटेनरमध्ये सिगारेटच्या दोन पेट्या जादा निघाल्या. त्यानंच ठेवल्या होत्या. मोजणारा मी. दोन लिहिल्या. त्याची नोकरी गेली. इकडे येऊन राहिला. नऊ वर्षं झाली, बोलत नाही."

"तो बोलत नाही, की तुम्ही?"

ते लिंबू हातात फिरवत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "वहिनी, डिक्लेअर केलं. पण झोप काही लागली नाही."

मला रडू यायला लागलं की मी रागावते. त्यांच्या हातातलं लिंबू काढून घेतलं. "पेडणेकर, पुढच्या शुक्रवारी हा रस्ता तुमच्यासाठी नसणार. लिंबं राहू द्या. जा."

ते गेले. रस्ता कसला तो, वीस पावलं. वसंतनं मान वर केली, पाना खाली ठेवला आणि उठून उभा राहिला. मग वसंतनं हात पुसायला फडकं शोधलं, ते सापडेना, तर तसेच हात मोठ्या भावाच्या गळ्यात टाकले. मी तोंड फिरवलं आणि दुकानदाराकडून उगाचच किलोभर लिंबं घेतली.

तासाभरानं ते परत आले. डोळे लाल. इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर दोन्ही बाजूंना काळे पंजे उमटलेले. मुक्तानं सरकून त्यांना जागा दिली.

खजुराच्या झाडापाशी ह्यांनी सवयीनं गाडी थांबवली. पेडणेकर उतरले. खिशातला कागद काढला, तो कोराच होता. गाडीच्या बॉनेटवर ठेवून त्यांनी काहीतरी लिहिलं, आणि झाडासमोर उभं राहून नेहमीच्या खणखणीत आवाजात वाचलं.

"शर्टावर ग्रीसचे डाग, दोन. वैयक्तिक वापरासाठी."